केसभर चढा सूर

बीडला गाणं आहे असं कुणी म्हटलं, की पुण्या-मुंबईकडची माणसं समजूतदार चेहरा करून गप्प बसतात. बसू द्यावं. बीडला रेल्वे नाही, म्हणजे गाणंही नसणार, असं त्यांना वाटत असावं. पण निजामाच्या अमदानीत याच गावात उरूस आला की कव्वाल घसा फुटेस्तोवर गायचे, यात्रेत भजनी मंडळं एकमेकांपुढं हटायला तयार नसायची, गोंधळ्यांचं संबळ तर कुणाच्या ना कुणाच्या दारात रोजच. आणि या सगळ्यांच्या पेट्या बिघडल्या की यायच्या एकाच दुकानात. कारंजाजवळच्या बोळातलं ते दुकान खाजामियाँ पेटीवाल्यांचं. त्यांच्यामागे ते त्यांच्या मुलानं, कासम मिस्त्रीनं चालवलं.

कासम उंच, काटकुळा, आणि मान कायम डावीकडे कललेली. नव्या माणसाला वाटायचं याची मान लचकली. मान ठणठणीत होती. तो सतत काहीतरी ऐकत असायचा, एवढंच. त्याची बायको हजराबी त्याला दह्यासाठी भांडं देऊन धाडायची आणि दीड घंट्यानं तो रिकामं भांडं घेऊन परत यायचा. वाटेत कुठल्या तरी माडीवर कुणी पेटी वाजवत असायचं, हा खाली भिंतीला टेकून उभा राहायचा. दह्याचं नाव कशाला आठवतंय!

"तुमच्या कानाशी निकाह लागला माझा, तुमच्याशी नाही," असं हजराबी म्हणायची. चिडून म्हणायची, पण भांडं घेऊन स्वतःच निघायची.

पेटीची गंमत अशी, की वरून कितीही नक्षी असली तरी आत सगळा कारभार पितळेच्या जिभांचा. भात्याची हवा लागली की जीभ थरथरते आणि बोलते. कारागीर या जिभेलाच 'सूर' म्हणतात. तिच्या टोकाला कानस घासली की सूर चढतो, बुडाला घासली की उतरतो. हे काम डोळ्यांनी होत नाही. कानानं घासावं लागतं.

खाजामियाँकडे एक मूळ सूर होता. काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा. शिसवी डबीत, कापसात निजवून ठेवलेला. कुठलीही पेटी आली की आधी तिची काळी चार या सुराला मिळवायची, मग तिच्या आधारानं बाकीचे सूर एकेक करून बांधत न्यायचे. "हा बाप आहे," खाजामियाँ म्हणायचे, "बाकी सगळी याची लेकरं." एका उन्हाळ्यात हा बाप मधोमध तडकला. खाजामियाँनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. मग वीस वर्षांच्या कासमला त्यांनी हैदराबादेला धाडलं, ओळखीच्या एका बुजुर्ग कारागिराकडून तसाच सूर आणायला. निघताना बजावलं, "आणताना डबी उघडायची नाही. बोट तर लावायचंच नाही."

कासमनं परळीहून आगगाडी धरली, हैदराबादेत त्या कारागिराच्या समोर चार दिवस गुडघे मोडून बसला, आणि सूर घेऊन परत परळीला उतरला. इथवर सगळं नीट झालं. परळीहून बीडच्या मोटारीत बसल्यावर मात्र त्याला राहवेना. एकदाच ऐकू, म्हणून त्यानं डबी उघडली आणि नखानं जीभ हलकेच छेडली. टिंग! मोटारीच्या खडखडाटातही त्याला तो आवाज सोन्याच्या तारेसारखा वाटला. मग पुन्हा एकदा. मग दर मैलाला एकदा. मग मैल मोजणंही सुटलं. शेजारचा म्हातारा वैतागून म्हणाला, "आरं, दात कोरायलास का काय करायलास?" कासमला ऐकूच आलं नाही. तो तरंगत चालला होता. वडवणीच्या बाजारात मोटार थांबली, त्यानं आणखी एकदा नख लावलं, आणि जीभ तुटून नखाबरोबर हातात आली.

अब्बाला काय तोंड दाखवू, हे एकच त्याच्या डोक्यात. पण नशीब म्हणा, घरी आला तेव्हा खाजामियाँ तीन दिवसांसाठी उरुसाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरी पितळी जीभ, ती बसवायची खाचेची पट्टी आणि कानस खिशात टाकून कासम बिंदुसरेच्या काठानं चालत सुटला. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. रडावं म्हणून आडोसा शोधत होता, असं म्हटलं तरी चालेल. माळीवेशीच्या मळ्यांपाशी आला आणि थबकला. काट्याच्या कुंपणापलीकडे एक मुलगी ओवी गात होती. आवाज पातळ, लांब, आणि जागचा हलत नव्हता. त्याला खाजामियाँचं बोलणं आठवलं. एकदा इथूनच जाताना ते म्हणाले होते, "माळ्याची ही पोरगी ऐकलीस? काळी चारला चिकटून गाते. पेटी चुकेल, पण ही चुकायची नाही."

कासम कुंपणाशी मातीतच बसला. पट्टीत जीभ बसवली, तोंडानं फुंकर मारली, ऐकलं, कानस लावली, पुन्हा फुंकर. आपला सूर आणि तिचा सूर यांच्यामध्ये जी थरथर ऐकू येते, ती मिटली पाहिजे, एवढंच त्याला माहीत होतं. पलीकडे मोट चालू होती, बैलांचे घुंगरू आणि चाकाची कुईकुई मध्येमध्ये यायची. कासम ते कानाआड करी आणि पुन्हा त्या आवाजाला लागे. मुलगी त्याला दिसली नाहीच. कुंपणाच्या फटीतून पाटाचं पाणी मात्र दिसायचं, उन्हात वळण घेऊन मेथीच्या वाफ्यात शिरणारं. तीन सकाळी तो असा बसला. तिसऱ्या सकाळी थरथर मिटली. तिचा आवाज कुठं संपतो आणि पितळेचा कुठं सुरू होतो ते त्याला सांगता येईना. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

खाजामियाँ आले. त्यांनी सूर फुंकला, मान हलवली, पुन्हा फुंकला. "जरासा चढा वाटतोय," ते म्हणाले. मग खाजामियाँच म्हणाले, "हैदराबादचा ना. शहरातलं सगळं चढंच असतं." आणि त्यांनी तो सूर डबीत, कापसात निजवला.

पुढं सदतीस वर्षं बीड आणि आसपासच्या गावांतली प्रत्येक पेटी त्या सुराला मिळवली गेली. वडवणीचं भजनी मंडळ, मांजरसुंब्याच्या घाटाखालची वारकरी मंडळी, बशीरगंजातले कव्वाल, कन्याशाळेची पेटी, सगळ्या. खाजामियाँ गेले, राजवट गेली, जुन्या पेट्याही एकेक करून कासमच्या हाताखालून गेल्या. अख्खं गाव एका सुरात गात होतं आणि तो सूर माळीवेशीच्या मुलीचा होता, हे फक्त कासमला ठाऊक होतं.

ती मुलगी म्हणजे छबुबाई. लग्नानंतरही ती माळीवेशीतच राहिली. आश्रुबा घरजावई होऊन आला, मळा दोघांनी मिळून कसला. पुढं तिनं बायकांचं भजनी मंडळ काढलं, त्याची पेटी दुरुस्तीला येऊ लागली, आणि कासमची तिच्याशी ओळख झाली ती अशी, "भाता फाटलाय, कासमभाई," "ठेवा, छबुबाई, परवा न्या," इतपत. याला प्रेम म्हणायचं का? ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं. कासमचं हजराबीवर प्रेम होतं आणि ते त्या दोघांना माहीत होतं. पण दिवेलागणीला तो घराकडे निघाला की या गल्लीतून एक पेटी, त्या बोळातून दुसरी, लांब पेठेतून तिसरी ऐकू यायची, आणि त्याला वाटायचं, आपण गावातून चालत नाही, त्या सकाळच्या मळ्यातून चाललोय, पायाखाली ओली माती आहे. असं सुख फार माणसांच्या वाट्याला येत नाही. त्याच्या आलं होतं.

मग बहात्तर साल आलं.

त्या वर्षाबद्दल बीडच्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. बिंदुसरेत वाळू पांढरी पडली. पेट्यांची लाकडं आक्रसली, भात्यांना चिरा गेल्या, आणि दुरुस्तीला कुणी येईना. माणसं दुष्काळी कामावर होती. टाळ धरणारे हात घण धरून खडी फोडत होते. छबुबाईही जायची, पाझर तलावाच्या कामावर, डोक्यावर पदर गच्च बांधून. तिकडून येणाऱ्या बायांना कासम विचारायचा, "छबुबाई गाती का तिथं?" बाया सांगायच्या, "फुफाट्यात कशाचं गाणं, कासमभाई? न्हाई गात."

तालुक्यात त्याच सुमारास एक सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. उभा राहिला म्हणजे धुराडं, ऊस टाकायची गव्हाण, गोदाम, सगळं तयार, फक्त ऊस नव्हता. धुराड्यावर कावळे निवांत बसायचे. कारखान्याचे चेअरमन मोहनराव मोठे जमीनदार, पण मन लावून काम करणारा माणूस. खचलेल्या सभासदांना गावोगाव जाऊन धीर देता देता त्यांचा घसा बसला होता. एका दुपारी ते कासमच्या दुकानात येऊन फळीवर बसले.

"कासमभाई, सहकार म्हंजी काय, हे भाषणं करून लोकान्ला सांगतोय मी. पण पोटात न्हाई, तर कानात कशाला शिरंल?" मोहनराव म्हणाले. "म्हणून ठरिवलंय, पाडव्याला गव्हाणीची पूजा करायची. ऊस मिळंल तेवढा. एक मोळी तर एक मोळी. आन् एकवीस गावच्या एकवीस पेट्या आणायच्या, एकाच टायमाला, एकाच सुरात. परळीचे उत्तरेश्वरबुवा गाणार. परभणी रेडिओवर गातेत ते. एकवीस पेट्या एक झाल्या, की लोकान्ला आपसूक उमगंल सहकार काय असतो ते."

कासमला इतका आनंद झाला, की त्यानं मोहनरावांना चहा विचारायचंही राहून गेलं. एकवीस पेट्या एकदम! त्याला ते आवारातलं भजन तिथंच ऐकू यायला लागलं.

पाडव्याच्या तीन आठवडे आधी कारखान्याच्या आवारात तालीम झाली. पत्र्याच्या मांडवात एकवीस पेट्या ओळीनं मांडल्या. उत्तरेश्वरबुवा आपली पेटी घेऊन मध्यभागी बसले. गोरटेले, शांत गृहस्थ. त्यांनी सूर धरला, बाकीच्यांनी धरला, आणि मांडवात एक विचित्र थरथर उठली. दात शिवशिवावेत तशी. बुवांनी हात वर केला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी पिशवीतून लोखंडाचा दोन दातांचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी नेला. ओळीतल्या प्रत्येक पेटीपाशी गेले. काटा आपटायचे, पट्टी दाबायचे, ऐकायचे.

"मिस्त्री, ह्या समद्या तुमच्या हातच्या?" परत येऊन त्यांनी विचारलं.

"व्हय."

"रागाऊ नका. समद्या केसभर चढ्या हायत." बुवांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, नवल होतं. "एकमेकीत इतक्या मिळालेल्या पेट्या मी कुठं ऐकल्या न्हाईत. पण समद्याच्या समद्या चढ्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "आं? म्हंजी आख्खं बीडच बेसूर हाय का काय बे!" आणि मांडव हसला. दुष्काळात माणसं हसायला कारणच शोधत असतात, त्यांचा दोष नाही. कासम मान खाली घालून उभा होता. अब्बांचं वाक्य त्याला आठवलं, शहरातलं सगळं चढंच असतं. वडवणीचा बाजार, मोटार, नखात अडकलेली जीभ, सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगायचं म्हणजे कुंपण सांगावं लागणार, ती सकाळ सांगावी लागणार. तो म्हणाला, "माझीच चूक. पाडव्याच्या आत उतरवून देतो."

बुवांनी नादकाटा त्याच्यापाशी ठेवला. दिवसाला एक पेटी, असे एकवीस दिवस मिळाले होते.

कासम रोज पहाटेची नमाज पढून बसायचा. पेटी उघडायची, एकेक जीभ काढायची, बुडाशी कानस लावायची. पितळेचा भुगा खाली अंथरलेल्या कागदावर पडायचा, हळदीसारखा पिवळा. केसभर उतरवायचं म्हणजे कानसेचे दोन-तीन हलके हात. पण प्रत्येक हाताला कासमला वाटायचं, आपण तो आवाज खरवडून काढतोय. आधी वडवणीची पेटी गेली. मग मांजरसुंब्याची. मग कन्याशाळेची. पेट्या बरोबर झाल्या होत्या, नादकाट्याशी तंतोतंत. संध्याकाळी त्या वाजवून बघताना त्याला काहीच आठवायचं नाही, ना पाट, ना मेथीचा वाफा. घरी येताना तो आता सरळ चालत यायचा, मान सरळ ठेवून, आणि दह्याचं भांडं भरून आणायचा. हजराबीला ते बघवेना.

"दही आणता म्हणून भीती वाटायला लागली मला," ती म्हणाली. "काय झालं, सांगा तरी!"

त्यानं सांगितलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. हजराबीनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला वाटायचंच, की तुमच्या कानात कुणीतरी राहतं." आणि पुढं म्हणाली, "तिला सांगा. तिचा सूर आहे, तिला विचारल्याबिगर पुसून टाकता का?"

वीस पेट्या झाल्या. एकविसावी माळीवेशीच्या बायकांची. ती छबुबाई स्वतः घेऊन आली, सकाळी कामावर जायच्या आधी, डोक्यावर टोपलीत, धडप्यात गुंडाळून. खडीच्या धुळीनं तिच्या पापण्या पांढरट झाल्या होत्या. पेटी फळीवर ठेवून ती टेकली.

"घ्या, कासमभाई. आमचीच राह्यलीती म्हणं. समद्या पेट्या उतरिवल्या तुमी?"

"उतरवल्या." कासमनं पेटीला हात लावला नाही. "छबुबाई, एक सांगायचंय. ऐकून मग काय बोलायचं ते बोला."

आणि त्यानं सगळं सांगितलं. खाली बघत, एका दमात, हैदराबादपासून कुंपणापर्यंत. "गावाचा सूर चुकला तो माझ्यामुळं," तो म्हणाला. "पण ती चूक तुमचा आवाज होती. म्हणून मला सुधारायला जड जातंय."

मग त्यानं वर बघितलं. छबुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. खोकत होती आणि हसत होती.

"आवो कासमभाई," ती म्हणाली, "माजा कशाचा सूर? मला काय ठावं काळी चार का पांढरी चार! मी चाकाचा सूर धरायची."

"कशाचा?"

"मोटंच्या चाकाचा. बा म्हणायचा, चाकाबरुबर गा, बैलान्ला सवं लागती. भरलेली मोट वर यायला लागली की बाभळीचं चाक असं लांब कुईऽऽ करायचं. तितंच मी ओवी सुरू करायची. म्हणून तर बा त्याला वंगण घालू द्यायचा न्हाई. तुमी तीन दीस बसला, ते आमच्या चाकापुढं बसला!"

कासमचं तोंड उघडंच राहिलं. कानाआड केलेली ती कुईकुई! सदतीस वर्षं तो गावातून चालत होता, गल्लीगल्लीत ऐकत होता ते... त्याला पुढं विचारच करता येईना. त्याला एकदम ते चाक ऐकायचं होतं. आत्ता, लगेच.

"चाक हाय का अजून?"

"हाय की. पर चला, मुकादम हजेरी मांडंल तवा मांडंल."

डबी खिशात टाकून तो तिच्याबरोबर माळीवेशीला गेला. मळा म्हणजे आता भेगाळलेली काळी जमीन. कुंपण जळणात गेलं होतं, त्यामुळे कासमला प्रथमच तो मळा सगळा दिसला, आणि तो त्याच्या मनातल्यापेक्षा फारच लहान होता. विहिरीवर दोन खांबांमध्ये बाभळीचं चाक मात्र होतं. आश्रुबा बांधावर बसला होता, तो उठून आला. छबुबाईनं त्याला काय ते दोन वाक्यांत सांगितलं. आश्रुबा मोटेच्या जुन्या दोराचा तुकडा चाकावर टाकून ओढायला लागला. चाक फिरलं. खडखड, खडखड. कासमनं मान कलती केली. खडखड. बस्स.

"तसं न्हाई गात ते," छबुबाई म्हणाली. "पाण्याचं वजन लागतंय. रिकामं चाक गात न्हाई."

विहिरीच्या तळाशी कोरडा गाळ होता आणि त्यात एका फुटक्या घागरीचं बूड. कासमनं डबी काढली, कापूस बाजूला केला, आणि मूळ सूर ओठांशी धरून हळूच फुंकर घातली.

कुईऽऽ.

लांब, पातळ, केसभर चढा. आणि छबुबाई सवयीनं पुढं झाली, खांबाला हात धरून वाकली, आणि तिनं विहिरीत डोकावून पाहिलं.

पाणी किती वर आलं ते बघायला. सदतीस वर्षांपूर्वी जशी बघत असेल तशी. मग तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच वाकलेली राहिली. आश्रुबानं हातातला दोर खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. कासमनं ओठांवरून सूर काढला. तो म्हणाला, "छबुबाई, तुमची पेटी मी उतरवणार न्हाई."

पाडव्याला कारखान्याच्या आवारात वीस पेट्या एका सुरात वाजल्या. उत्तरेश्वरबुवा मनापासून गायले, गव्हाणीत एकुलती एक मोळी पडली, मोहनरावांचे डोळे भरून आले. सहकार किती जणांना उमगला कुणास ठाऊक, पण माणसं त्या दिवशी ताठ बसून ऐकत होती. बुवांनी ओळीतली रिकामी जागा बघून विचारलं, "एकविसावी कुठं, मिस्त्री?"

"ती येगळी वाजंल, बुवा. ती चढी हाय. तिला चढीच राहू द्यायची हाय."

मोहनराव घुटमळले. एकवीस पेट्यांचा शब्द त्यांनी सगळ्या सभासदांना दिला होता. पण कासमनं आजवर कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि छबुबाई पेटी घेऊन पुढं येऊन बसलीही होती. कासमनं तिच्या पेटीत काळी चारच्या जागी मूळ सूरच बसवला होता, अब्बांच्या डबीतला. छबुबाईनं गायला सुरुवात करण्याआधी ती एकच पट्टी दाबून धरली.

मांडवाच्या कडेला जुनेजाणते शेतकरी बसले होते, आयुष्यभर मोट हाकलेले. त्यांना काळी चार माहीत नव्हती. त्यातला एक बसल्याजागी सरळ झाला. दुसऱ्यानं बैलाला चुचकारावं तसा तोंडानं आवाज काढला आणि मग आजूबाजूला बघून वरमला. कुणी हसलं नाही. उत्तरेश्वरबुवांनी कासमकडून परत आलेला नादकाटा पिशवीतून हातात घेतला होता, तो त्यांनी तसाच परत ठेवून दिला.

त्या संध्याकाळी हजराबी कासमला म्हणाली, "इतकी वर्षं मी कुणा बाईच्या नावानं मनातल्या मनात कुढले, आणि सवत निघाली कोण, तर लाकडाचं चाक!" कासम हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं दह्याचं भांडं रिकामंच परत आणलं.

आता कासम मिस्त्री नाही, छबुबाईही नाही. विहिरींवर मोटरी आल्या, चाकं चुलीत गेली. माळीवेशीतली ती पेटी अजून आहे, तिचा भाता तीनदा बदलला. तिथल्या बायका भजनाला बसल्या की एक रिवाज पाळतात. पेटीवालीनं आधी काळी चार दाबून धरायची. बायका गप्प होतात. नव्या सुना विचारतात, कावून एवढा वेळ एकच पट्टी? सगळ्यांत म्हातारी बाई कान देऊन ऐकते, "आलं पाणी," म्हणते, आणि टाळ उचलते.